सत्यवतीचा ड्रोन, जागृतीचं हेलिकॉप्टर

गेलं वर्षभर आगाशीच्या बाजारात सत्यवतीकडून भाजी घ्यायची, तर आधी लष्कराबद्दल ऐकून घ्यावं लागायचं.

“हेलिकॉप्टरं आता जानार,” वांगी काट्यावर टाकता टाकता ती सांगायची. “टेहळनी ड्रोन करनार, दारूगोळा ड्रोन नेनार, बॉम्बसुदीक ड्रोनच टाकनार. मानूस कशाला वर चढवायचा?”

“बियांची नाहीत ना वांगी?” गिऱ्हाईक विचारायचं.

“एक बी निघाली तर परत आना. बाहेरच्या देशांत तर सुरुवात पन झाली. मोठमोठी हेलिकॉप्टरं काढून टाकतायत. अर्धा किलो की पाऊन?”

वसईकडच्या वटार गावात सत्यवतीला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही. पंचावन्नच्या पुढची, काटक, आवाज असा की एका वाडीतून मारलेली हाक तिसऱ्या वाडीत ऐकू जावी. केळी, वांगी, वाल, सोनचाफ्याची चार झाडं आणि बावखलापलीकडे, म्हणजे वाडीतल्या तळ्यापलीकडे, थोडी भातशेती, एवढा तिचा पसारा. नवरा बळीराम वसई पूर्वेच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला, मवाळ माणूस. बाई सापाला भीत नाही, तलाठ्याला भीत नाही, वाडीत शिरलेल्या दुसऱ्याच्या म्हशीला तर मुळीच नाही. भीती एकच, उंचीची. माळ्यावरचा डबा काढायला ती स्टुलावर चढत नाही, बळीरामला चढवते आणि खालून स्टूल धरून त्याला रागावते. विरारला जीवदानीला सगळं घर रोपवेने वर गेलं, तर ही पायऱ्या चढून घामाघूम होऊन पोचली. सगळ्यांचा प्रसाद खाऊन झाला होता. तरी वर म्हणाली, “देवीला चालत आलेलं मानूस लगेच कळतं.”

अशा बाईची एकुलती एक मुलगी इंजिनियर होऊन सैन्यात गेली. जागृतीने ती बातमी सांगितली तेव्हा सत्यवतीने रडारड केली नाही. चुलीवरचं दूध उतरवलं, हात पुसले आणि अट घातली.

“जा. पन पाय जमिनीवर राहिले पायजेत. विमान नको, आकाशपाळना नको, छत्री घेऊन उडी मारनं नको. कबूल?”

“कबूल,” जागृती हसत म्हणाली. बाविसाव्या वर्षी माणूस काहीही कबूल करतो.

पुढची काही वर्षं सुखात गेली. जागृती कॅप्टन झाली. सत्यवतीने तिचा गणवेशातला फोटो देवघराशेजारी लावला, देवापेक्षा जरासा मोठा. मग गेल्या वर्षी गणपतीत तिचा फोन आला.

“आई, मी हवाई दलाच्या नाही, आपल्या आर्मीच्याच हेलिकॉप्टरच्या परीक्षा दिल्या होत्या. पास झाले.”

“मला न विचारता?”

“परीक्षाच दिली आहे. आता दोन वाटा आहेत. एक म्हणजे हेलिकॉप्टर शिकायचं. दुसरी म्हणजे जमिनीवर बसून मोठे ड्रोन चालवायचे. मला हेलिकॉप्टर हवंय. पण तुला शब्द दिलाय, तो तूच मोकळा करायचा.”

“आनि नाय केला तर?”

“तर ड्रोन घेईन. तेही उडवणंच आहे.”

हे शेवटचं वाक्य जागृतीने अशा आवाजात म्हटलं, ज्या आवाजात ती लहानपणी ‘कारल्याची भाजी चालेल’ म्हणायची. आईच्या कानाला ते बरोबर कळलं. आईने ते बरोबर कळलं नाही असं दाखवलं आणि फोन बळीरामकडे दिला. वर्षभराने नाव पाठवायचं होतं, तेवढा वेळ हाताशी होता.

त्या दिवसापासून सत्यवती ड्रोनच्या पक्षात गेली.

रोज सकाळी बळीरामने चष्मा लावून पेपर वाचायचा आणि तिने भाजीच्या जुड्या बांधत ऐकायचा, असा नियम झाला. कुठे युद्ध चालू असेल तिथली बातमी आधी.

“ड्रोनने अमक्या ठिकाणी हेलिकॉप्टर पाडलं,” बळीराम वाचायचा.

“बघा! मी काय म्हनत होते?”

“पण तज्ज्ञांच्या मते जखमींना हलवणे, सैनिकांची ने-आण करणे यासाठी हेलिकॉप्टरला अद्याप पर्याय—”

“पुढचं राहू द्या. भाव वाचा भाजीचे.”

अशातच गावातल्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला. गटाची अध्यक्ष रेजिना, सत्यवतीची शेजारीण आणि शाळासोबतीण. जन्मभर बालवाडीत शिकवल्यामुळे रेजिना घरीसुद्धा शुद्ध बोलते आणि मोठ्या माणसांनाही रांगेत बसवते. तिने बायकांना रांगेत बसवून विचारलं, “ड्रोन चालवायचं प्रशिक्षण कोण घेणार?” सगळ्या जमिनीकडे बघायला लागल्या. मटिल्डा म्हणाली, “मला तर मिक्सरचं झाकण पण नीट लावता येत नाही गं.”

“मी घेनार,” सत्यवती म्हणाली.

“तू? तू स्टुलावर चढत नाहीस.”

“मी कुठं चढतेय? चढनार तो. मी खालीच उभी ऱ्हानार. तेच तर पोरीला दाखवायचंय.”

शिकवायला विरारच्या मनवेलपाड्यातून अल्पेश नावाचा मुलगा यायचा. सत्यवतीला तो काकी म्हणायचा आणि पहिल्या दिवशी थोडा घाबरला, कारण काकींनी त्याला आधी जेवायला घातलं आणि मग यंत्र कसं पडतं ते सगळं विचारून घेतलं. कसं उडतं ते नंतर. पण वीस वर्षं भाजीचे टोपले लादून स्कूटर चालवलेला हात होता तो, थरथरत नव्हता. ड्रोन पहिल्यांदा जमिनीवरून उचलला तेव्हा “अगं बाई!” एवढंच ती म्हणाली, पण संध्याकाळपर्यंत तिचं हसू काही मिटेना. स्टुलावर न चढणाऱ्या बाईला तिची वाडी वरून दिसत होती. माडांचे शेंडे पसरलेल्या हातांसारखे, बावखलाचं पाणी ताटाएवढं, कौलांवर कधीचा जाऊन पडलेला बळीरामचा बनियन. आणि केळींना पाणी सोडायला गेलेला बळीराम आंब्याखाली खाटेवर आडवा.

रात्री जेवताना फोनवर ती मुलीला म्हणाली, “आज तुझ्या बापाला पकडला. पानी सोडतो म्हनून गेले आनि घोरत होते. मी घरासमोर उभी राहून बघितलं. बघ, जमिनीवरून काय काय दिसतं!”

“वा!” जागृती हसून म्हणाली. “मग ड्रोनने उचलून नेलंस का त्यांना केळीपाशी?”

“नाय. जाऊन हाक मारली.”

“म्हणजे जावं लागलंच.”

“तुझं आपलं काहीतरी,” म्हणून सत्यवतीने फोन बळीरामकडे दिला.

नवरात्रात जागृती सुट्टीवर आली. परत गेली की तिला कुठली वाट ते कळवायचं होतं. घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं आणि त्यामुळे सगळे फार गोड वागत होते. सत्यवतीने तिच्या आवडीचे पदार्थ केले, एकदाही ‘वाळलीस’ म्हणाली नाही. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मात्र तिने हुकमाचं पान टाकलं.

“उद्या गटाच्या बायका येनार आहेत. पूजा झाली की मी ड्रोन उडवून दाखवनार. तुझ्यासाठी खास. भातावर नुसतं पानी फवारनार. मग तू मला सांग, हेलिकॉप्टरात बसून ह्यापेक्षा जास्त काय मिळतं.”

“ठीक आहे मॅडम,” म्हणत जागृतीने सलाम ठोकला.

खंडेनवमीला कोयता, विळी, पाण्याचा पंप, स्कूटर, बळीरामची कारखान्यातली जुनी हत्यारं, सगळं धुऊनपुसून अंगणात मांडलं होतं. मधोमध पाटावर ड्रोन. झेंडूची फुलं, भाताच्या लोंब्या, नारळ. पात्यांत फूल अडकवायचं नाही एवढं सत्यवतीला कळत होतं, म्हणून माळ तिने टाकीला घातली आणि उडवण्याआधी आठवणीने काढायची असं स्वतःला दोनदा बजावलं. पण तिला आणखी एक गोष्ट कळत होती. अल्पेशने शिकवताना ड्रोनच्या चारी बाजूंच्या काचा दाखवून सांगितलं होतं, “काकी, हे याचे डोळे. झाड, तार, भिंत, काही समोर आलं तर हा स्वतःच थांबतो. डोळ्यांची काळजी घ्यायची.”

आता ज्याला डोळे आहेत आणि जो आपल्याला सांभाळतो, त्याला कुंकू कसं लावायचं हे सत्यवतीला कुणी शिकवायला नको होतं. कोरडं कुंकू वाऱ्याने उडून जाईल, म्हणून तिने ते खोबरेल तेलात कालवलं आणि चारी डोळ्यांवर, काचेच्या अगदी कपाळावर, ठसठशीत बोटं ओढली.

“आमचंही थोडं,” म्हणून रेजिनाने चर्चमधून आणलेल्या पवित्र पाण्याचे चार थेंब शिंपडले. “पवित्र आत्म्याच्या नावाने. आता हा दोन्ही बाजूंनी पक्का.”

जागृती अंगणाच्या कडेला उभी राहून हे बघत होती. ती काहीतरी बोलायला पुढे आली, पण आईने हात वर केला.

“तू पावनी. आज पायलट मी.”

माळ निघाली, नारळ बाजूला झाला. ड्रोन मोठ्या आवाजात उठला, केळीची पानं फडफडली, बायकांनी पदर सावरले. बावखल ओलांडून तो पलीकडच्या भातावर गेला आणि पाण्याचा मऊ पडदा सोडत सरळ रेषेत जाऊन वळला, पुन्हा सरळ आला. भात पिवळं पडू लागलं होतं, त्यावर छोटंसं इंद्रधनुष्य उमटलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सत्यवतीने मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून मुलीकडे बघितलं. जागृतीही टाळ्या वाजवत होती, मनापासून.

“आता माघारी आनते,” सत्यवती ऐटीत म्हणाली.

ऑक्टोबरचं ऊन होतं. खोबरेल तेल पातळ झालं होतं. ड्रोन बावखलाच्या मधोमध आला आणि थांबला.

हातातल्या पडद्यावर सगळं लालभडक झालं आणि त्यावर अक्षरं आली, पुढे अडथळा.

“कसला अडथळा? मोकळं आभाळ आहे,” सत्यवती म्हणाली आणि त्याला जरा मागे घेऊ लागली. मागे अडथळा. डावीकडे घेतला, डावीकडे अडथळा. उजवीकडेही तेच. ड्रोन चारी बाजूंनी कुंकवाने वेढला गेला होता आणि शहाण्या यंत्रासारखा जागच्या जागी गुरगुरत होता.

“पुढे ढकल ना गं!” मटिल्डा ओरडली.

“मिक्सर आहे का तो?”

“तुझं कुंकू जास्त झालं,” रेजिना म्हणाली.

“आनि तुझं पानी कमी पडलं!”

बळीरामने अल्पेशला फोन लावला. पलीकडून अल्पेश ओरडत होता, “काकी, अडथळ्याची सेटिंग बंद करा! वर उजवीकडे दाबा!” सत्यवतीने दाबलं. पडदा हलेना. बोटं तेलाने माखलेली, पडद्याला बोटं कळेनात. तिने बोटं पदराला पुसली, तर पदरालाही तेल. जागृती धावत पुढे आली, “आई, दे इकडे,” तर आई म्हणाली, “हात नको लावू, मी पायलट आहे!” आणि तेवढ्यात बॅटरी संपत आल्याची घंटी वाजू लागली.

बॅटरी संपली की ड्रोनने आहे तिथे खाली उतरायचं, असा नियम. तो त्याने पाळला. आपटला नाही, कोलमडला नाही. बावखलाच्या मधोमध, कुणी घाटावरून उतरावं तसा सावकाश, सरळ पाण्यात गेला. दोन बदकं बाजूला झाली. बुडबुडे आले. मग सगळं शांत.

रेजिनाच्या तोंडून “बाप्तिस्मा झाला त्याचा” असं निघून गेलं आणि सगळ्या बायका अशा हसत सुटल्या की मटिल्डाला खाली बसावं लागलं. सत्यवतीने आधी तोंड रागीट ठेवायचा प्रयत्न केला. पण बळीराम लेंगा गुडघ्याच्या वर खोचून पाण्यात शिरला, छातीपर्यंत गेला आणि शेवाळ लटकलेला ड्रोन दोन्ही हातांनी डोक्यावर धरून गौरी-गणपती आणल्यासारखा बाहेर येऊ लागला, तेव्हा तीही फुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

“बळीरामभाऊ, मागे अडथळा!” कुणीतरी ओरडलं आणि पुन्हा सगळ्या सुरू झाल्या.

दुपारी बायका पांगल्यावर मायलेकी ओट्यावर ड्रोन पुसत बसल्या. अल्पेशने फोनवरून सांगितलं होतं, चालू करायचा नाही, सुकू द्यायचा, विमा आहे, दुरुस्तीला जाईल. जागृती जुन्या सुती लुगड्याच्या फडक्याने एकेक काच पुसत होती. फडकं लाल होत होतं.

“हसलीस ना?” सत्यवती अचानक म्हणाली.

“मग काय! तूही हसलीस.”

“तेच सांगतेय. हा पडला आनि आमी हसलो. हेलिकॉप्टर पडलं तर कोन हसतं गं? कुनाचं घर बसतं.” ती आता भांडत नव्हती. “म्हनून मी म्हनते ड्रोन. दुसरं काय कारन असनार माझ्याकडं? बाजारात मोठ्या गोष्टी करते, पन कारन एवढंच.”

“बरोबर आहे तुझं,” जागृती म्हणाली. “आम्हीही तेच करतो. जिथे यंत्र पाठवून भागतं तिथे यंत्रच पाठवतो. बर्फातल्या चौक्यांवर रॉकेल, बटाटे आता ड्रोन नेतात. पूर्वी त्यासाठी हेलिकॉप्टर जायचं, वाऱ्यात, धुक्यात. टेहळणीला तर माणूस पाठवायची गरजच उरली नाही. आणखी दहा वर्षांत पुष्कळ कामं जातील हेलिकॉप्टरची.”

सत्यवतीला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तिने काच हातात घेतली, उन्हात धरून पाहिली, कोपऱ्यातला लाल डाग नखाने काढला.

“पन एक सांगू?” ती म्हणाली. “मी तिथं उभी होते ना, हातात सगळं होतं. अन् नुसतं लाल दिसत होतं. आत कोन बसलेलं असतं तर त्यानं काचेवर एक फडकं मारलं असतं, संपलं.”

जागृतीने लगेच ‘बघ!’ म्हटलं असतं तर सत्यवतीने शब्द मागे घेतला असता. पण पोरगी तिचीच होती. ती फडकं पिळत राहिली.

“तुला हेलिकॉप्टरात काय दिसलं एवढं?” शेवटी आईनेच विचारलं. “तू हट्टी नव्हतीस. कारलं पन खायचीस.”

मग जागृतीने सांगितलं. परीक्षा देण्याआधीच्या हिवाळ्यात ती ज्या तळावर होती, तिथून वरच्या चौकीतल्या एका जवानाच्या छातीत पाणी झालं. उंचीवर होतं तसं. खाली आणला नाही तर जगत नाही. वारा इतका की हेलिकॉप्टरला परवानगी मिळेना. ड्रोन गेला. प्राणवायूची नळकांडी घेऊन गेला, औषधं घेऊन गेला. एकदा नाही, परत परत गेला. त्याच्यामुळेच तो मुलगा तग धरून राहिला. जागृती खाली पडद्यासमोर बसलेली होती. पडद्यावर तो दिसायचा. त्याचे साथीदार त्याला बसता करायचे, आणि तो ड्रोनकडे बघून हात हलवायचा, जणू आत कुणी आहे.

“आत कुणी नव्हतं,” जागृती म्हणाली. “आम्ही त्याला सगळं पाठवू शकत होतो. फक्त आणू शकत नव्हतो. मग दुसऱ्या दिवशी जरा वारा पडला आणि हेलिकॉप्टर गेलं. चालवणारी एक बाई होती, मेजर. तिने तिथे इंजिन बंद न करता त्याला आत घेतलं. उतरल्यावर मी स्ट्रेचर धरायला गेले, तर त्याने तिच्या बाहीचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. सोडेना. ती त्याच्याबरोबर तशीच चालत आली, हेल्मेट घालून.”

“वाचला?”

“वाचला म्हणजे! आता घरी तीन म्हशी सांभाळतोय. लग्नाचं आमंत्रण आलंय मला.”

सत्यवतीने पदराने नाक पुसलं. तेलाचा वास आला तशी पदर बघून तिने तोंड वाकडं केलं.

“ती मेजर,” ती म्हणाली. “तिला आई आहे?”

“आहे. साताऱ्याकडे कुठेतरी.”

“ती काय म्हनते?”

“कोण?”

“तिची आई गं! तिची आई काय म्हनते ह्या सगळ्याला?”

“मी कसं विचारणार? सीनियर आहेत त्या मला.”

“एवढी शिकलीस आनि मुख्य गोष्ट नाय विचारलीस. नंबर घे. आईचा.”

जागृती लाजेने लाल झाली, पण नंबर मिळाला. मेजर फोनवर खूप हसल्या म्हणे. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर, सत्यवती खुर्ची ओढून बसली, डोक्यावरचा पदर नीट केला, जणू समोरच्या बाईला दिसणार होता, आणि फोन लावला. पलीकडच्या बाईंचं नाव वसुंधरा. आवाजावरून तिच्याच वयाच्या.

“नमस्कार. मी वटारहून बोलतेय, वसईचं वटार. दसऱ्याच्या शुभेच्छा. तुमी मला वळखत नाय.”

“ओळखते की. लेकीने सांगितलं. तुमच्या ड्रोनला कुंकू लावलंत ना?”

सत्यवतीने जागृतीकडे एक जळजळीत नजर टाकली. जागृती दाराआड गेली.

“एकच विचारायचं होतं, वसुंधराताई. झोप लागते का तुमाला?”

त्या बाई म्हणाल्या, “पहिलं वर्षभर नाही लागली. आभाळात काही वाजलं की उठून बसायची. आमच्या गावावरून काय तिचं हेलिकॉप्टर जाणार होतं का? पण उठायची. मग एकदा मलाच हसू आलं. अहो, माझा थोरला मुलगा बँकेत आहे. मोटारसायकलवर जातो, हेल्मेट आरशाला अडकवून. त्याची मी कधी रात्र रात्र काळजी केली नाही. तो जमिनीवर आहे ना, म्हणून.”

“मंग आता लागते झोप?”

“आता कधी लागते, कधी नाही. खोटं कशाला सांगू? पण ती सुट्टीत घरी येते ना, तेव्हा लागते तिला शांत झोप. तिची बघितली की माझीही लागते.”

मग दोघी मुली किती वाळतात यावर बोलल्या, लष्करातल्या जेवणावर बोलल्या, सुकेळी म्हणजे काय ते सत्यवतीने समजावून सांगितलं, पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात कशी वाळवायची तेही, आणि थंडीत पाठवते म्हणाली. हेलिकॉप्टरचा विषय पुन्हा निघाला नाही. फोन ठेवला तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ होऊन गेली होती आणि बळीराम पानावर बसून वाट बघत होता.

सत्यवतीने वरण वाढलं, भात वाढला, तूप वाढलं. मग मुलीच्या पानात भात वाढता वाढता, तिच्याकडे न बघता म्हणाली, “घे तुझं हेलिकॉप्टर.”

जागृतीचा घास हातातच राहिला.

“खरंच?”

“शब्द मोकळा केला. पन चांगलं शिकायचं. अर्धवट शिकून वर नाय जायचं. अन् काच पुसायचं फडकं मी देनार, सरकारी फडक्यावर माझा भरवसा नाय.”

जागृती उष्ट्या हाताने आईच्या गळ्यात पडली. भाताची शितं आईच्या केसांत गेली. “अगं पाडशील मला,” सत्यवती ओरडत होती आणि तिला सोडत नव्हती. मग तिची नजर बळीरामवर गेली. तो शांतपणे भात कालवत होता.

“तुमी काहीच म्हनत नाय ते? पोरगी हेलिकॉप्टर चालवनार आहे.”

“मी काय म्हननार? मी तर गेल्या वर्षी गनपतीतच हो म्हनालो होतो.”

“काय?”

“फोन तू माझ्याकडं दिला होतास ना.”

सत्यवतीने लेकीकडे पाहिलं. लेकीने मान खाली घातली, पण खांदे हसत होते.

“मंग वर्षभर मला ते पेपर कशाला वाचून दाखवत होतात?”

“तू वाचायला लावायचीस,” बळीराम म्हणाला. “अन् खरं सांगू, पुढचं मी मनात वाचून घ्यायचो.”

जागृती गेली. कळवायचं ते तिने कळवलं आणि थंडी पडायच्या सुमारास तिचं शिक्षण सुरू झालं. ड्रोन दुरुस्त होऊन आला. गटाने एकमताने ठरवलं की यापुढे पूजा त्याच्या पेटीची करायची. पहिली फवारणी मटिल्डाच्या वाडीत होती. सत्यवतीने बोटं साबणाने स्वच्छ धुतली, काचा पुसल्या, आणि बॅटरी लावेपर्यंत जमलेल्या बायकांना सांगायला सुरुवात केली.

“ड्रोन म्हनजे कामाला चांगला. फवारनी करावी, बटाटे न्यावेत, टेहळनी करावी. पन हेलिकॉप्टरं कुठं जात नाय. मी सांगते लिहून ठेवा. मानसाला आनायला मानूसच लागतो.”

“अगं,” रेजिना म्हणाली, “गेल्या महिन्यापर्यंत तूच सगळ्या गावाला सांगत होतीस ना, हेलिकॉप्टरं भंगारात जाणार म्हणून?”

“गेल्या महिन्यात माझी पोर खाली होती,” सत्यवती म्हणाली. “सरा बाजूला. उडवतेय.”